बिनविरोधच्या घशातलं हाडूक

आष्टी तालुक्यातल्या त्या गावात दूध संस्था होती, संस्थेला चेअरमन होते, ऑफिस होतं, ऑफिसात फ्रिज होता. फक्त दूध नव्हतं. दोन वर्षं पाऊस फिरकला नाही तेव्हा संस्थेनं ऑफिससमोरच्या मैदानात चारा छावणी उघडली, आणि दुधाचे चेअरमन माणिकराव आपसूक चाऱ्याचे झाले. त्यांच्याकडे एक कुत्रं होतं. संस्थेची निवडणूक बिनविरोध झाली त्या वर्षी ते पिल्लू घरी आलं, म्हणून त्याचं नाव बिनविरोध. लाडानं बिन्या.

सरकारी पशुवैद्यक डॉ. राधाकिशन यांना सकाळीच निरोप आला : बिन्याच्या घशात हाडूक अडकलंय, चिमटा घेऊन या.

ऑफिसातल्या टेबलाखाली, जरा अंधाराच्या बाजूला, बिन्या बसला होता. खालचा जबडा सैल लोंबत होता. लाळेची तार फरशीपर्यंत आली होती. डॉक्टर वाकले, थोडा वेळ बघत राहिले, आणि पिशवीतून काढलेला चिमटा त्यांनी परत पिशवीत ठेवला.

"पाणी पितो का?"

"तीन दिस झाले, थेंब न्हाई," माणिकराव अभिमानानं म्हणाले. "कालच्या सभेत सांगितलं मी. म्हणलं, मुकं जनावर हाय, पन त्याला दुष्काळ कळतो, तुमाला कळंना. टाळ्या पडल्या, डॉक्टर."

"आणि भुंकणं?"

"आवाज बसलाय. हाडकानंच."

डॉक्टरांना दिलेली खुर्ची टेबलाजवळ होती. त्यांनी ती दारापाशी ओढली.

भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक प्रमाणपत्र होतं. वैशाखात संस्थेनं कुत्र्यांसाठी मोफत लसीकरण शिबिर घेतलं होतं, त्यातलं पहिलं. 'अनुक्रमांक एक. नाव : बिनविरोध. पिसाळण्यावरील लस टोचली.' खाली डॉक्टरांची सही, वळणदार.

"मागल्या महिन्यात कोल्ह्यानं फाडलंतं त्याला," माणिकराव म्हणाले. "पन मी निर्धास्त. तुमची लस व्हती."

लस होती. दवाखान्याचा फ्रिज बिघडला म्हणून बाटल्या दोन महिने संस्थेच्या फ्रिजात ठेवल्या होत्या. शिबिराच्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः हात लावून बघितल्या होत्या. गार होत्या.

तेवढ्यात केशरबाई कोरा चहा घेऊन आली. ऑफिसची झाडलोट, चहापाणी आणि बिन्याची भाकरी, तिन्ही तिच्याकडे. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती.

"मावशी, हाताला काय झालं?"

"काय न्हाई हो. हाडूक काढावं म्हणून मघाशी हात घातला. पार घशापतूर. घावलं काय न्हाई, दात तेवढा लागला."

डॉक्टरांनी कप तसाच खाली ठेवला. कोपऱ्यातल्या फ्रिजकडे बघत त्यांनी विचारलं, "हा चालूच असतो ना कायम?"

"कायम? कावून?" केशरबाईला तो आपल्या कामावरचा आरोप वाटला. "त्यो कागुद बगा की!"

फ्रिजच्या वर कागद चिकटवला होता. 'दुष्काळ आहे. गरज नसताना बटन बंद ठेवावे. आदेशावरून, चेअरमन.'

"दूध बंद झालं तवापासून बटन बंद हाय. तुमच्या शिबिराच्या आदल्या दिशी तेवढं चालू केलतं. म्हणलं, डाक्टरांच्या बाटल्या जरा गार होऊ द्या, त्यांना बरं वाटंल."

बरं वाटलं होतं खरं.

डॉक्टर उठले. "चेअरमनसाहेब, घशात हाड नाही. कुत्रं पिसाळलंय. हे दार बाहेरून लावून घ्या. मावशींना आत्ता बीडला न्यायचं, सुया द्यायला."

माणिकरावांनी आधी खिडकीतून बाहेर बघितलं, कुणी ऐकलं तर नाही. मग आवाज खाली आणला. "डॉक्टर, भायेर आठशे जनावरं हायती. त्यो शब्द छावणीत फिरला तर उद्या दावणी रिकाम्या. आन पिसाळंल कसं? लस टोचलीय, सही तुमची हाय." त्यांनी फ्रेम खिळ्यावरून काढून पुढं केली. "ह्यो कागुद दाखवा बीडला. तेबी म्हणतील, बाई, जा घरी."

तेही म्हणतील. डॉक्टरांना त्याचीच भीती वाटली. बाईला आधी विचारतील, कुत्र्याला लस दिली होती का, आणि ही भाबडेपणानं सांगेल, व्हय, फ्रेमच हाय की.

त्यांनी प्रमाणपत्र फ्रेममधून काढलं आणि पाठीमागं लिहिलं : 'लस उन्हाळ्यात बंद फ्रिजात होती. निकामी समजावी. मी तपासली नाही.' खाली सही केली. बावीस वर्षांच्या नोकरीत वळणदार न आलेली त्यांची ही पहिलीच सही. मग त्याखाली त्यांनी भर घातली : 'हेच शिबिरातल्या अनुक्रमांक एक ते अडतीसला लागू.'

"गेली तुमची नोकरी," माणिकराव म्हणाले.

डॉक्टरांनी कागद केशरबाईच्या हाती दिला, दोघांना बाहेर काढून दाराला कडी घातली आणि तिला टाकीच्या नळावर नेलं. "साबण लावा. धार सोडून पंधरा मिनिटं धुवायचं."

"पंधरा मिंटं? धार?" माणिकराव मागून ओरडले. "दोन म्हशींचं पानी हाय ते!"

नळासमोर घागरींची रांग होती. सगळी रांग केशरबाईच्या अंगठ्याकडे बघू लागली. "केशरे, न्हाऊनच घे की आता!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मिनिटभरात केशरबाईनं नळ बंद केला.

"झालं की, डाक्टर. लई पानी गेलं. लोक बगायलेत."

डॉक्टरांनी नळ उघडला. तिनं पुन्हा बंद केला. हाताला सवयच ती. तिसऱ्यांदा त्यांनी तोटी स्वतःच्या मुठीत धरली आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले.

पायाशी डबकं साचलं. पाण्याच्या वासानं छावणीतली कुत्री गाड्यांखालून धावत आली आणि चिखल चाटू लागली. गळ्यात शिबिरात बांधलेले पत्र्याचे बिल्ले वाजत होते. डॉक्टर नंबर वाचत गेले. चार. एकोणीस. एकतीस.

सात नंबर आला नव्हता. तो रांगेच्या शेवटी, सावलीत उभा होता, पाण्याकडे बघत, तोंड जरासं उघडं.

"झाली का पंधरा मिंटं?" केशरबाईनं विचारलं.

"नऊ झाली."

रांगेतली शेवटची बाई वाट बघून कंटाळली होती. घागर खाली ठेवून ती सात नंबरची मान खाजवत होती.