विंचच्या टोकाला

हार्टविगनं पोलादी दोरावर ग्रीसचा बोळा फिरवला, हात पुसले आणि विंचच्या, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, केबिनमध्ये येऊन बसला. एक किलोमीटरवर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, क्लबची मंडळी जेवत होती. तिकडून 'खेच' म्हटलं की इकडे त्यानं दोर गुंडाळायचा आणि बिनइंजिनाचं ग्लायडर पतंगासारखं वर चढवायचं. एकतीस वर्षं तो हेच करत आला होता.

समोरचा बोलायचा डबा खरखरला. तिकडचं बटण पुन्हा अडकलं होतं. तिकडे कुणी टिचकी मारून ते सोडवेपर्यंत तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं, इकडचं मात्र तिकडे जायचं नाही.

"म्हणजे विंच काढून टाकायचा आणि ओढणारं विमान घ्यायचं," चिटणीस गुद्रुन बोलत होती. "विमान थेट ढगाखाली नेऊन सोडेल. विंचनं चारशे मीटर चढायचं, तिथं वर उचलणारी हवा नाही मिळाली की पाच मिनिटांत परत खाली. हा काय खेळ झाला? करा हात वर."

हात मोजून ती म्हणाली, "नऊ. फोल्कमार, तुझं काय?"

हार्टविगला हसू आलं. आता बघा गंमत! भंगारातल्या ट्रकच्या इंजिनावर हा विंच फोल्कमारनं आणि त्यानंच मिळून बांधला होता. कालच बिअर पिताना फोल्कमारनं शब्द दिला होता, मी आहे तोवर विंचला कुणी हात लावणार नाही.

"माझाही हात मोजा," फोल्कमार म्हणाला. "पण म्हाताऱ्याला आत्ता सांगू नका हं. रुसून घरी गेला, तर दुपारभर आपल्याला वर कोण सोडणार?"

सगळे खो खो हसले.

"अरे हरामखोरा!" हार्टविग डब्यावर ओरडला. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. त्याचे डोळे भरून आले आणि त्याचाच त्याला संताप आला.

अर्ध्या तासानं बटण सुटलं. "हार्टविग, राजा, मी ग्लायडरमध्ये बसतोय," फोल्कमार म्हणाला. "जरा उंच सोड बरं का."

दोर ताणला गेला. अडचणीत दोर तोडायचा लाल दांडा त्याच्या गुडघ्याशीच होता. त्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून, वाऱ्याचा प्रत्येक झोत सांभाळत, त्यानं फोल्कमारला वर्षभरात कुणी गेलं नव्हतं इतकं उंच नेलं.

तासाभरानं खाली उतरल्यावर डब्यातून फोल्कमारचा आवाज आला. "काय चढवलंस रे! साडेचारशे! तुझ्यासारखा हात कुणाचा नाही बघ."

"फोल्कमार, दुपारी बटण अडकलं होतं. तुम्ही जेवत होता तेव्हा."

हार्टविगनं ग्रीसचे हात पुन्हा एकदा पुसले.

"टिचकी मारायची राहिली तुझी," हार्टविग म्हणाला. "बरं, पुढचा कोण? दोर तयार आहे."