मावशीची उरलेली सोळा पानं

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. माझं नाव मात्र विचारू नका. माझ्या नावाखाली मला लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं आहे, आणि ते वाचलंत की तुम्ही मला तिथंच मिटाल. आधी माझं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. तिथं छापलेले मोठे कागद घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करत आणि ते एकावर एक रचून दोऱ्यानं शिवत. मला शिवताना एका बाईच्या बोटात सुई घुसली. तिनं ते बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं काम चालू ठेवलं. तेरा फर्मे, दोनशे आठ पानं. शिवता शिवता बायका आपसांत बोलत होत्या, त्यावरून मला माझा लेखक पहिल्यांदा कळला. आठ दिवसांपूर्वी तो प्रुफं बघायला आला होता आणि एका स्वल्पविरामापायी त्यानं अक्षरं जुळवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. "गाढवालासुद्धा कळतं कुठं थांबायचं ते!" म्हातारा मान खाली घालून उभा राहिला म्हणे.

आणि वाईट याचं वाटतं की लेखकाचं बरोबर होतं. त्या स्वल्पविरामानं ते वाक्य खरोखर श्वास घ्यायला लागलं. असा माणूस. वाक्याला फुलासारखं जपायचा आणि माणसाला पायाखाली घालायचा. मी त्याच्या हातून झाले, पण त्याची वकिली करायला बसलेली नाही.

माझ्या पोटात एका आईची गोष्ट आहे. ती दवाखान्यात फरशा पुसते. दुपारची भाकर जिन्याच्या पायरीवर बसून खाते, कारण खुर्च्या बाकीच्यांच्या. तिचा मुलगा शिकतो, मोठा होतो आणि चारचौघांत तिला ओळख देत नाही. शेवटी एक दिवस ती त्याच्या घराकडे निघते.

मी एका वाचनालयात आले. माझे चांगले दिवस होते ते. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीवाटीनं पडत. एका टाय लावलेल्या गृहस्थानं मला परत करताना ग्रंथपालबाईंना अवघडून विचारलं होतं, "जरा फोन वापरू का? आईला करायचाय." चिठ्ठी भरली की बाई नवी डकवायच्या. एकदा माझी पाठ उसवली, तेव्हा त्यांनी मला पक्की पुठ्ठाबांधणी करून आणली.

मग मी मावशीच्या हाती पडले. मावशी वाचनालयात झाडलोट करायची. पन्नाशी उलटल्यावर ती वाचायला शिकली, जेवणाच्या सुट्टीत, ग्रंथपालबाईंकडून. तिनं हातात घेतलेलं पहिलं मोठं पुस्तक मी. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत, दिवसाला दोन पानं. खूण म्हणून खराट्याची काडी.

"बाई, ही आपल्यातलीच आहे हो," ती एकदा म्हणाली.

"कोण?"

"ही फरशीवाली. वाकून उठताना गुडघ्यात कुठं कळ येते, तेसुद्धा बरोब्बर लिहिलंय. लिहिणारी बाईच असणार."

"बाप्या आहे, मावशी."

"चला, काहीतरीच!"

मावशीचाही एक मुलगा होता, दुसऱ्या शहरात, मोठ्या कचेरीत. तो लोकांना सांगायचा, आई लायब्ररीत असते. मावशी हे स्वतःच हसत हसत सांगायची, "खोटं कुठं बोलतो? असतेच की मी लायब्ररीत!" तीन वर्षं तो आला नव्हता. त्याच्या पत्त्याचा कागद तिच्या बटव्यात घडी पडून पडून फाटायला आला होता. ती बाईंना म्हणाली होती, "हिनं त्याचं दार वाजवलं ना, तर मीही जाईन. हिचं काय होतं ते आधी बघते."

एकशे अठ्ठ्याऐंशी पानं झाली, फरशीवाली मुलाच्या दारात पोचली. वीस राहिली. आणि वाचनालयाच्या वर्धापनदिनाला पाहुणा म्हणून माझा लेखक आला.

मावशीनं सकाळपासून दोनशे खुर्च्या पुसल्या होत्या. मग धुतलेलं पातळ नेसून, मला मांडीवर घेऊन ती पुढच्या रांगेत कडेला बसली. तिला माझ्यावर त्याची सही हवी होती. तो माइकपाशी आला, त्यानं खाली बघितलं. मघाशी तिला फडकं हातात घेऊन फिरताना त्यानं पाहिलं होतं.

"झाडूवाल्यांना पहिल्या रांगेत बसवलंत, तर मी बोलू कुणाशी?"

काही जण हसले. सगळ्यांत आधी हसले ते वाचनालयाचे अध्यक्ष. मावशी उठली. मला तिनं छातीशी धरलं होतं. तिचं काळीज कसं उडत होतं ते मी पुठ्ठ्यातून ऐकलं. मित्रांनो, जिन्याच्या पायरीवर बसणाऱ्या बाईची चार पानं मी पोटात घेऊन होते, आणि ती लिहिणारा माणूस समोर उभा राहून तेच करत होता. मला तोंड असतं तर मी त्याचीच पानं त्याला ओरडून वाचून दाखवली असती.

मावशीनं मला कपाटात ठेवलं आणि आठवडाभर हात लावला नाही.

कुणीतरी तो प्रसंग मोबाइलवर टिपला होता. गावोगाव बोभाटा झाला. लेखकाला माफी मागायला सांगितलं, तर तो म्हणाला, "मी पुस्तकं लिहितो, लोकांच्या नाकदुऱ्या काढत नाही." दुकानांनी माझी भावंडं, म्हणजे माझ्या बाकीच्या प्रती, परत पाठवली, प्रकाशकानं गठ्ठेच्या गठ्ठे लगद्याला धाडले. लोकांचा राग खोटा नव्हता. तो त्यानं कमावलाच होता. पण आमच्या अध्यक्षांचा राग बघा. स्वतः हसलेला हा माणूस टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "त्याचं एकही पुस्तक इथं दिसता कामा नये!"

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मावशीला विचारू या का?"

"विचारायचं काय त्यात? तिच्यासाठीच तर करतोय!"

मावशी तेव्हा बाहेरचा व्हरांडा पुसत होती. दहा पावलांवर.

पुस्तक काढून टाकायचं तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं, आणि वहीत कारणं तीनच: हरवले, वाचक नाही, जीर्ण. लेखक वाईट, असा रकाना नाही. हे काम ज्या कारकुनाकडे होतं त्याला सगळे नियमराव म्हणत. त्यानं बराच विचार करून 'जीर्ण' लिहिलं. मग मला हातात घेतलं. माझी बांधणी भक्कम, पानं धड. नोंद खोटी ठरत होती. नियमरावाला खोटी नोंद सहन होत नसे. म्हणून त्यानं पट्टी लावून माझा शेवटचा फर्मा उपटला. सोळा पानं. आणि मग समाधानानं सही केली.

दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं, ही पोती फाटकापाशी नेऊन ठेव. पोत्याच्या तोंडाशी मी होते. तिनं मला बघितलं, पोतं खाली ठेवलं.

"मावशी, राहू दे ते," अध्यक्ष म्हणाले. "त्यानं तुझा अपमान केलाय."

"माझा केला ना? मग ते माझं मी बघीन," मावशी म्हणाली. "ती बाई दारात उभी आहे हो माझी. तिला तशीच टाकून जाऊ?"

ती व्हरांड्यातच बसली आणि राहिलं होतं तिथून वाचायला लागली. पहिलं पान वाचून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती माझ्यावरच खेकसली, "एवढं सगळं कळत होतं ना मेल्याला? मग असं का वागला?" ती पुढं वाचत गेली. चार पानं. मग नुसता तुटका दोरा.

"नियमराव, पुढची पानं?"

"फाडली. जीर्ण लिहिलंय, तर जीर्ण दिसायला नको?"

"टाकलीत कुठं?"

"टोपलीत. काल दुपारी."

मावशी आपल्या हातांकडे बघत राहिली. "टोपली मीच रिकामी केली," ती म्हणाली. "गाडीत मीच ओतली."

ती कचऱ्याच्या मैदानावर गेली. राखणदार म्हणाला, "आजी, काल चाळीस गाड्या आल्या. कागद कुठं शोधता?" तरी संध्याकाळपर्यंत ती ढीग उपसत होती. कोपरापर्यंत घाण माखून, रिकाम्या हातांनी परत आली. ग्रंथपालबाईंनी शेवटी लेखकालाच फोन लावला. शेवट काय, एवढंच सांगा म्हणाल्या. तो म्हणाला, "मी गोष्टी सांगायची कामं घेत नाही," आणि फोन ठेवला.

आता मी मावशीच्या घरी आहे. मलाही शेवट ठाऊक नाही, मित्रांनो. पानं गेली तशी आठवणही गेली. ती रोज कामावर जाण्याआधी मला उघडते, एकशे ब्याण्णवावं पान वाचते आणि विचारते, "वाजवलं असेल का गं तिनं?" बटव्यातला कागद आता घडीवर फाटून दोन तुकडे झाला आहे. ती जात नाही. मी तिला जा म्हणू शकत नाही, जाऊ नको म्हणू शकत नाही.

म्हणून तुमच्या पाया पडते. तुमच्या घरी, शाळेत, एखाद्या माळ्यावर माझं एखादं भावंड जिवंत असेल. खूण सांगते: एकशे ब्याण्णवाव्या पानाचे शेवटचे शब्द आहेत, 'तिनं हात वर उचलला आणि'. सापडलं तर मुखपृष्ठावरचं नाव बघून भिरकावू नका. त्या माणसाला बोला, हवं तेवढं बोला, त्याला कुठं बोलावू नका, त्याच्यासाठी खुर्ची मांडू नका. मी अडवणार नाही. पण त्याआधी पुढचं पान उलटा आणि मोठ्यानं वाचा. इकडे मावशी कान देऊन बसली आहे.