सात नंबरची धडधड

३ डिसेंबर, मंगळवार. सकाळपासून बारीक बर्फ पडतोय, वारा नाही.

मी सात नंबरचं खिळेयंत्र बोलतोय. ओहायोतल्या या कारखान्यात माझी अडुसष्ट वर्षं गेली. एका बाजूनं तार आत यायची. ती तोडून, डोकं ठोकून, टोक काढून मी मिनिटाला तीनशे खिळे पाडायचो. आता थंड पडलोय.

लोरेन पाव्हलिक एकोणीस वर्षं माझ्यावर कामाला होती. सुरू करण्याआधी माझ्या कुशीवर तळहात ठेवायची. धडधड जराशी चुकली, तरी म्हणायची, "का रे म्हाताऱ्या, आज कुरकुरतोयस?"

तिचा भाऊ ड्वेन नदीपलीकडच्या पोलाद कारखान्यात. तिथली एक भट्टी विझली होती, दुसरी विझायच्या बेतात होती. मे महिन्यात तो काखेत पाट्यांचा गठ्ठा घेऊन आला. पाट्यांवर लिहिलं होतं: 'परदेशी पोलादावर जकात बसवा.'

"लोरेन, खिळे दे गं."

"फुकट?"

"मग काय, बहिणीकडून विकत घेऊ?"

तिनं बादलीभर दिले. रविवारी स्वतः हातोडी घेऊन त्याच्याबरोबर गेली.

माझी पोलादी तार मेक्सिकोहून यायची. वेटोळ्यावरची 'मेक्सिको' लिहिलेली चिठ्ठी लोरेन रोज सकाळी फाडून टाकायची. पण परदेशी म्हणजे समुद्रापलीकडचं, असंच सगळे धरून चालले होते. ट्रकनं येणारी तार कुणाला परकी वाटलीच नाही.

जकात बसली. तार महागली. बाहेरून येणाऱ्या तयार खिळ्यांवर मात्र जकात नव्हती. गिऱ्हाईकं तिकडे वळली. मालकानं तारेवरच्या जकातीतून सूट मागितली, तर ड्वेनच्याच कारखान्यानं हरकत घेतली: अशी तार आम्ही देऊ शकतो.

ड्वेन माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "आम्ही बनवू गं तुमची तार. भट्टी पेटू दे."

"तोवर याला काय चारू?" लोरेननं माझ्यावर थाप मारली.

"तुझं काम जावं म्हणून पाट्या लावल्या का मी?"

"तू एकट्यानं नाही लावल्यास, ड्वेन."

तो टोपी हातात फिरवत राहिला.

शेवटच्या दिवशी तिनं मला पुसून तेल दिलं, चालवायचं नव्हतं तरी. तेवढं तेल कुणी पुसू नये, एवढंच माझं मागणं.

१२ नोव्हेंबरला ड्वेनच्या कारखान्यातली विझलेली भट्टी पुन्हा पेटली. १८ तारखेला मालकाचा जकातीतून सूट मिळण्याचा अर्ज नामंजूर झाला. २२ तारखेला लोरेनसह तेवीस जणांना कामावरून कमी केलं. आज दुपारी दोन चाळीसला मला भंगाराच्या ट्रकवर चढवलं. वजन चार हजार सातशे दहा पौंड. ट्रक नदी ओलांडून ड्वेनच्या कारखान्यात गेला.