लोथारसाठी मांडलेला पाट

मी पाट बोलतोय. जरा हळू बोलतोय, कारण अर्धा झोपेत आहे. लीड्समधल्या एका घरात, जिन्याखालच्या कपाटात, बॉयलरच्या शेजारी मला उभं करून ठेवलंय. इथली ऊब अशी, की बाराही महिने माझा डोळा लागलेला. झोपेत मी पुन्हा सागाचं झाड होतो. पानांतून ऊन गळत असतं आणि माझ्या सावलीत कुणीतरी बसलेलं असतं. त्याचा चेहरा काही दिसत नाही. कुणीतरी येऊन टेकावं, एवढीच तर आम्हा पाटांची हाव.

पुण्यातल्या सुताराने मला आशाच्या रुखवतासाठी केलं. चारी कोपऱ्यांत पितळी फुलं बसवली. आशा आणि तिचा नवरा उदय, दोघंही डॉक्टर. साठच्या दशकात इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा आशाच्या आईने मला लोणच्याच्या बरण्यांशेजारी ट्रंकेत कोंबलं. इथे येऊन पाहतो तर काय, सगळे खुर्चीत बसणारे! उदयने माझ्यावर नेच्याची कुंडी ठेवली. सागवानी पाटावर कुंडी! पण परक्या देशात मानापमान कुणापाशी काढणार? गप्प बसलो.

मग पहिली भाऊबीज आली. आशाचा भाऊ कमलाकर पुण्यात. भाऊ जवळ नसला की बहीण चंद्राला ओवाळते, पण लीड्सच्या ढगांतून बीजेची कोर दिसायची म्हणजे नशीबच लागतं. आशा खिडकीपाशी ताटकळली. शेवटी तिने कुंडी उचलली, मला पुसलं आणि माझ्यावर एक सुपारी ठेवली. जो हजर नाही, त्याच्या जागी सुपारी, ही आपली जुनी सोय. कार्पेटवर रांगोळी निघेना, म्हणून ती चहाच्या ट्रेमध्ये काढली. सुपारीचं वजन ते किती! पण त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण पाट असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात रेनाटे आली. ती आशाच्याच वॉर्डात नर्स होती, मूळची बर्लिनची. आशाने तिचं 'रेणू' करून टाकलं होतं. सुपारीला ओवाळलेलं पाहून रेणू आधी खूप हसली. आशाने सुपारीचा अर्थ सांगितल्यावर मात्र ती एकदम खाली बसली.

"मलाही एक दे," ती म्हणाली. "माझा लोथार पलीकडे आहे."

पलीकडे म्हणजे कुठे, हे मला हळूहळू कळलं. मोठी लढाई संपली. जिंकणाऱ्यांत अमेरिका आणि रशिया हे दोघे थोरले. लढताना खांद्याला खांदा, आणि शत्रू पडल्याबरोबर एकमेकांचं तोंड बघवेना. जग कुणाच्या मताने चालायचं यावरून चुरस लागली आणि दोघांनी मिळून युरोपची फाळणी केली. अर्धा तुझ्या छायेत, अर्धा माझ्या. जर्मनीचे दोन तुकडे, त्यात पुन्हा बर्लिनचे दोन. उदय म्हणायचा, भावाभावांत वाटणी झाली तर स्वयंपाकघरात भिंत घालतात, ते समजू शकतो. इथे भांडण शेजाऱ्यांचं आणि वाटणी ह्यांच्या घराची.

रेणू राहायची पूर्व बर्लिनमध्ये आणि नोकरीला जायची पश्चिमेकडच्या हॉस्पिटलात. एका ऑगस्टमध्ये ती ड्यूटीवर असताना शहराच्या मधोमध काटेरी तारा ताणल्या गेल्या. पुढे त्याच जागी भिंत उभी राहिली. घरी आई आणि बारा वर्षांचा धाकटा भाऊ लोथार. परत जायला तिला मुभा होती, कारण आत येणाऱ्याला कुणी अडवत नव्हतं. पण एकदा आत गेलं, की बाहेर पडणं संपलं. रेणू वीस वर्षांची होती. ती गेली नाही.

त्याची किंमत लोथारने मोजली. बहीण पळून गेली म्हणून तिकडच्या सरकारने त्याला पुढे शिकू दिलं नाही. डॉक्टर व्हायचं मनात होतं, आयुष्यभर ट्राम चालवली.

तेव्हापासून दर भाऊबिजेला माझ्यावर दोन सुपाऱ्या. आशा हौसेने ओवाळायची. रेणू घाबरत घाबरत, जणू सुपारी तोंड फिरवून बसेल. पुढे भिंत पडली. टीव्हीवर माणसं तिच्यावर चढून नाचत होती आणि रेणू इथेच, सोफ्यावर, रडून रडून लाल झाली होती. त्याच आठवड्यात ती बर्लिनला गेली आणि दोन दिवसांत परत आली. लोथारने तिला दारातच उभं केलं होतं. म्हणाला होता, "भिंत त्यांनी बांधली. पण पहिल्या आठवड्यात परत यायला तुला कुणी अडवलं नव्हतं." आणि दार लावून घेतलं होतं.

महासत्तांचं काय हो! दमल्या की हात मिळवतात, फोटो काढतात. घरातलं भांडण असं कुणी सही करून मिटवत नाही.

पुढे फोन आले, मग मोबाइल आले. कमलाकरला आशा आता स्क्रीनवरच ओवाळते आणि तो तिकडून ओवाळणी दाखवून चिडवतो. त्याची सुपारी केव्हाच बंद झाली. रेणूची तेवढी चालू राहिली. उदय गेला, रेणूचा नवरा गेला, दोघी पंच्याऐंशीच्या घरात आल्या. गेल्या वर्षी रेणूच्या हृदयाने दगा दिला. हॉस्पिटलातून आल्यावर ती आशाला एवढंच म्हणाली, की एकदा तो समोर बसलेला बघायचाय, मग काही मागणार नाही.

हे ऐकलं ईशिताने. ईशिता आशाची नात, बर्मिंगहॅमला बँकेत आहे. आजीला न विचारता तिने लोथारला शोधलं आणि माझा फोटो पाठवला. मी, माझ्यावर एक सुपारी, भोवती ट्रेमधली रांगोळी. खाली इंग्रजीत लिहिलं, की ही तुमची जागा आहे, दर वर्षी मांडतात. बरेच दिवस उत्तर नाही. आम्ही उमेद सोडली, म्हणजे मी तरी सोडली. मग एका रविवारी ईशिता धावत आत आली.

"आजी, तो येतो म्हणाला! पण त्याची गुडघा खूप बॅड आहे."

या भाऊबिजेला तो आला. उंच, वाकलेला, हातात काठी. रेणू समोर तबक धरून उभी. आशाने सवयीने माझ्यावर सुपारी ठेवलेली, भाऊ समोर उभा असूनसुद्धा! लोथारने ती उचलली, निरखून पाहिली आणि आशाच्या हातात दिली. ईशिताने खुर्ची पुढे सरकवली. आजकाल म्हातारी माणसं खुर्चीतच बसतात, चालतं, असं आशाही म्हणाली. लोथारने नकारार्थी मान हलवली. भिंतीला धरून, कण्हत कण्हत तो खाली आला आणि माझ्यावर बसला.

काय सांगू तुम्हाला! सुपारीच्या जागी माणूस! गरम, जड, थरथरणारा माणूस!

रेणूने कुंकू लावलं, ओवाळलं. तबक खाली ठेवल्यावर मात्र तिचा धीर सुटला. ती जर्मनमध्ये काहीतरी बोलू लागली. इतक्या वर्षांच्या पुटपुटण्याने ती भाषा मला थोडी कळते. मला भीती वाटली होती, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

लोथारने हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तू परत आली असतीस, तर आपण दोघंही आत अडकलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला तू हवी होतीस."

तो उठायला गेला, पण गुडघा हलेना. ईशिता धावली, तर त्याने तिला हातानेच थांबवलं. एका बाजूला सरकला, माझी उरलेली जागा थोपटली आणि रेणूकडे पाहिलं.

एका पाटावर दोघं बसत नाहीत, हे आशाने सगळ्यांना शिकवलेलं. तिने सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ईशिताने हात दिला आणि रेणू हळूच खाली बसली, त्याच्या खांद्याला खांदा लावून. त्याच क्षणी मी कर्रकन मधोमध तडकलो. सगळ्यांनी ऐकलं. उठलं मात्र कुणीच नाही.

आता मी पुन्हा बॉयलरशेजारी आहे. स्वप्नात ते झाड अजून येतं, सावलीत दोघं बसलेली असतात, आणि चेहरे दिसतात. ईशिता म्हणते, ग्लू लावून क्लॅम्पने दाबू, कळणारसुद्धा नाही. लावा बापडे. पण पुढच्या भाऊबिजेचं लोथारचं तिकीट निघालंय, तेव्हा एक ऐका. सांधायचंच असेल, तर दोघांच्या वजनाला पुरेल असं सांधा.