पडद्यावरचे भावजी

पांढऱ्या पडद्यावर चेहरा उमटला आणि भरलेल्या सभागृहाने हात जोडले. धुरातून बाबांचा आवाज घुमला, "आलेत. ज्यांचे असतील त्यांनी ओळखावं."

ताई उठली. पडद्यावर तिचा गेलेला नवरा हसत होता, मान नेहमीसारखीच जराशी तिरकी.

"ते सांगतायत," बाबा म्हणाले, "मी तुझ्या रक्तात आहे. सुया टोचून मला जखमी करू नकोस."

शेजारी तिची धाकटी बहीण बसली होती. मागच्या दर्शनात हेच ऐकून ताईने इन्सुलिन सोडलं होतं. आता तिची तहान भागत नव्हती, कपडे अंगावर लोंबत होते. धाकटीने विनवून पाहिलं, भांडून पाहिलं. ह्यांना टोचू म्हणतेस का, एवढंच ताई विचारायची.

आज चेहऱ्याभोवती पांढरे ठिपके चमचमत होते. स्वर्गातले तारे, असं मागे कोणीतरी पुटपुटलं. धाकटीला ते तारे चांगले ओळखीचे होते. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. मोठ्या हॉलसाठी तिने एकदा दोन एचडीएमआय केबली जोडून प्रोजेक्टर लावला होता, तेव्हा असेच ठिपके नाचले होते. केबल फार लांबली की सिग्नल वाटेतच क्षीण होतो. बाबांचे भक्त वाढले, सभागृह मोठं झालं, पण योग्य केबल आणायचं कोणाला सुचलं नव्हतं. स्वर्गापर्यंत पोचणाऱ्यांना पडद्यामागची खोली गाठताना धाप लागली होती.

सेवेकऱ्याने अडवलं तरी ती पडद्यामागे गेली. टेबलावर प्रोजेक्टर होता. त्याची मागच्या खोलीत जाणारी केबल धरून ती दोन केबलींच्या जोडापर्यंत आली आणि तो ओढून काढला.

भावजी गेले. निळ्या पडद्यावर अक्षरं आली, 'नो सिग्नल'.

"अश्रद्धेने आत्मा दुखावला," बाबा गरजले.

तिने जोड पुन्हा बसवला. दुखावलेले भावजी लगेच हसू लागले. काढला, गेले. बसवला, हसले.

ती बाहेर आली. "ताई, हा माझ्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे. नाव नोंदवताना ओळख पटावी म्हणून तूच यांना दिलास. त्यांचे ओठ बघ. ते फक्त हसतायत. बोलतायत ते बाबा."

पुढच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले. "पोरी, यानंतर माझा मुलगा यायचा होता," ते हळूच म्हणाले. "तेवढी वायर राहू दे ना."

धाकटीने ताईचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं.

दवाखान्यात नर्सने इन्सुलिनचं इंजेक्शन भरलं तेव्हा ताईने दंड पुढे केला, तोंड मात्र भिंतीकडे फिरवलं. "अजून दोन मिनिटं बघू दिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?"

"तू गेली असतीस," धाकटी म्हणाली.

औषध बंद करायला सांगणारा आवाज कुठून येतो, ते उठून बघावं. दुःखातल्या माणसाला उठवत नाही. मग शेजारी बसलेल्याने उठावं.