भूल घेण्यापूर्वी हे वाचा

मॅन्युअलकाकांची पुस्तकं लाखांनी छापली जात आणि एकही वाचलं जात नसे. पंखे, मिक्सर, इस्त्र्या यांच्या खोक्यातून जी बारकी माहितीपुस्तिका येते, ती ते लिहीत. लोक खोकं उघडत, यंत्र बाहेर काढत आणि पुस्तिकेसकट खोकं माळ्यावर टाकून देत. इतक्या घरांच्या माळ्यावर पोचलेला लेखक दुसरा नसेल, असं काका स्वतःच म्हणत. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकावं, अशी त्यांची पद्धत होती.

काकांची कंपनी मुलांच्या एका हॉस्पिटलला दरवर्षी मदत करायची. कधी खाटा, कधी श्वासाची यंत्रं, एकदा तर अख्खी लिफ्ट. यंदा कंपनीचं समाजकार्य बघणाऱ्या मॅडमच्या मनात आलं, की ऑपरेशनला घाबरणाऱ्या मुलांसाठी एक छोटं पुस्तक काढावं. कंपनीत लिहिणारा माणूस एकच. मॅडम त्याच्या टेबलाशी आल्या.

"काका, तुम्हीच लिहायचं. मुलांची भीती पळाली पाहिजे."

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. 'ओल्या हाताने स्पर्श करू नये' असं आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाकडे कुणीतरी शेवटी पुस्तक मागितलं होतं. आणि तिथेच त्यांचं चुकलं. एरवी मिक्सरवर एक ओळ लिहायची तरी ते मिक्सर घरी नेत, उलटासुलटा करून बघत, मुद्दाम झाकण न लावता चालवत आणि मग भिंत पुसत बायकोची बोलणी खात. पण साहित्याला कुठे असलं काही लागतं? त्यांनी घरी आरामखुर्चीत बसून एक ससुला रचला. ससुल्याचा पाय दुखतो, तो ढगांच्या महालात जातो, तिथली परी त्याच्या नाकावर सुगंधी फुलांचा मास्क ठेवते आणि ससुला अलगद स्वप्नांच्या गावी निघून जातो.

त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "ससा परत येतो का पण?"

"येतो म्हणजे... ते सूचित आहे."

"सूचित," असं म्हणून बायकोने पुढचा टॉवेल उचलला.

छापण्याआधी वॉर्डात एकदा वाचून बघू, असं मॅडमनी ठरवलं. फोटोही निघतील. वॉर्डातली मुलं दिसताच काका दारातच थबकले. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी त्यांचं ततपप होई. सिस्टर त्यांच्या कानाशी लागली.

"खिडकीजवळची ती आमची वकीलबाई, प्रश्न विचारून भंडावते. पाऊल जन्मापासून आत वळलंय. मागच्या वेळी मास्क तोंडाशी नेला तर अशी लाथा झाडायला लागली, की ऑपरेशन सोडून द्यावं लागलं. उद्या परत नंबर आहे. सर्जन बाहेरून येतात. उद्याही नाही झालं, तर पुढे केव्हा, कोण सांगणार?"

वकीलबाई सात-आठ वर्षांची होती. शेजारी स्टुलावर तिची आई पर्स पोटाशी धरून बसली होती. काकांनी वाचायला सुरुवात केली. ससुला स्वप्नांच्या गावी निघाला, तसा खिडकीकडून आवाज आला.

"आजोबा, ससा मेला का?"

"छे छे. स्वप्नांच्या गावी गेला."

"आमची मांजर गेली तेव्हा आई असंच म्हणाली होती."

पलीकडच्या खाटेवरचं एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. मॅडमनी फोटो काढायचा फोन हळूच खाली घेतला.

"आणि मास्कला फुलांचा वास येतो?" वकीलबाईने विचारलं.

"येत असेल."

"तुम्ही घेतलाय?"

हो म्हणून काकांना मोकळं होता आलं असतं, पण खोटं बोलायलाही जरा धीटपणा लागतो.

"नाही."

"मग लिहिलं कशाला?"

इतक्या वर्षांत त्यांना वाचक मिळाला, तो असा.

"आधी तुम्ही घ्या," ती म्हणाली. "मग मी बघते."

वॉर्डात हशा पिकला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "चला," त्या म्हणाल्या. "भूल देत नाही, नुसता मास्क लावते. हिला समोर बसवू."

अर्ध्या तासात काका मागून नाड्या बांधायचा गाऊन घालून स्ट्रेचरवर आडवे झाले होते. नाड्या त्यांना नीट बांधता आल्या नव्हत्या आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती, त्यामुळे पाठ भिंतीकडे ठेवूनच ते स्ट्रेचरपर्यंत सरकत आले होते. वकीलबाई चाकाच्या खुर्चीत बसून टक लावून बघत होती. मास्क नाकावर आला आणि काकांचा जीव असा घुसमटला, की त्यांनी हाताने तो उडवूनच दिला.

सिस्टरने कपाळाला हात लावला. पोरीच्या आईने मान फिरवली. झालं, काकांना वाटलं, होता नव्हता तो धीरही आपण घालवला.

"भीती वाटली?" वकीलबाईने विचारलं.

"वाटली."

"कशी?"

काका विचारात पडले. हा प्रश्न त्यांच्या कामातला होता. "परत लावा," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडे ठेवले. "हं. तोंडाने भराभर श्वास घेतला की कोंडल्यासारखं होतं. नाकाने हळू घेतला की नाही होत. पाठीला गार लागतं. आणि फुलांचा वास अजिबात नाही. नव्या रेनकोटचा आहे."

"लिहा मग," वकीलबाई म्हणाली.

त्यांनी वॉर्डातच बसून लिहिलं. ती विचारत गेली, डॉक्टरीणबाई सांगत गेल्या. ससुल्याला कायमची रजा मिळाली. मास्क स्वतःच्या हाताने धरता येतो. रडू आल्यास रडावे. त्याने यंत्र बिघडत नाही. जाग आल्यावर आई दिसेल. पाय दुखेल, दुखल्यास सहन न करता सिस्टरला सांगावे.

मॅडमनी कागद वाचला. "काका, 'पाय दुखेल' हे असंच छापायचं? कंपनीचं नाव असणार वर."

"दुखणार असेल तर छापायचं," काका म्हणाले, आणि आपण असं बोललो याचा त्यांना इतका संकोच वाटला, की ते उगीचच पेनाचं टोपण शोधत राहिले. मॅडमनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "बरं."

सकाळी वकीलबाईने स्ट्रेचरवर तो कागद हातात धरला होता. ऑपरेशनच्या दाराशी सगळ्यांना थांबवलं. ती आत गेली, दार मिटलं. काका आणि तिची आई दाराच्या काचेकडे बघत उभे राहिले. काच धुरकट होती. आत कुणी ओरडतंय का, यासाठी दोघांचेही कान तिकडेच लागले होते.

थोड्या वेळाने सिस्टर तो कागद घेऊन बाहेर आली.

"झोपली. मास्क स्वतःच धरला. आणि रेनकोट नाही, नव्या चपलांचा वास आहे म्हणाली. तेवढं दुरुस्त करा."

काकांनी खिशातून पेन काढलं आणि भिंतीवर कागद टेकवून दुरुस्ती केली. वळून बघतात तो आई बाकावर बसून डोळे पुसत होती.

"काका," ती म्हणाली, "बाहेर बसणाऱ्यांनी काय करायचं, ते कुठे लिहिलंय?"

काकांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"ते राहिलंच," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. मग पेन खिशात ठेवून त्यांनी विचारलं, "चहा आणू का?"

"आणा," ती म्हणाली. "पण दोन आणा. एकटीच्या घशाखाली उतरणार नाही."