मुलीकडचे चार

"मुलीकडचे किती?" मॅनेजरने विचारलं.

"चार," वर्षाली म्हणाली.

"चाळीस?"

"चार."

मॅनेजरने पेन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी बसलेल्या बुद्धरत्नकडे पाहिलं. चिंचवडमधल्या त्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर दुपारची गर्दी ओसरली होती. कोपऱ्यात एक पोऱ्या टेबलं पुसत होता.

"आमच्याकडचे एकोणीस," बुद्धरत्न म्हणाला. "सकाळी नोंदणी आहे. जेवायला एकच्या सुमारास येऊ."

"हरकत नाही. सहा टेबलं पुरतील. डेकोरेशनचं पॅकेज आहे आमच्याकडे, मागे पडदा, कागदी फुलं, दोघांच्या नावाची पाटी."

"फुलं मी घरून आणीन," वर्षाली म्हणाली. "प्रत्येक टेबलावर ताजी. पडदा, पाटी काही नको."

"घरून कोण करणार, मॅडम? ऐनवेळी फजिती होते."

"सिस्टर करतात ते नीटच करतात," बुद्धरत्न म्हणाला.

"तुमच्या सिस्टर का या?"

"नाही," बुद्धरत्न गोंधळला. "यांच्याशीच लग्न आहे."

मॅनेजर हसू दाबत वहीत लिहायला लागला. वर्षालीला मात्र मोकळेपणी हसू आलं. जिना उतरताना ते ओसरलं. चार कोण, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या इंदुताई, त्यांचे यजमान, कंपनीच्या कँटीनमधल्या गोजाबाई. चौथे तिचे वडील, अण्णा, आणि ते येणार नाहीत असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

वर्षाली चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नर्स होती. सोळा वर्षं झाली होती. गेटच्या आत डाव्या हाताला तिची खोली होती. खोलीत एक कॉट, एक कपाट, वजनकाटा आणि भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. कुणाचं बोट कापलेलं असायचं, कुणाच्या डोळ्यात कण गेलेला असायचा. सोमवारी डोकं दुखणारे जास्त यायचे. दहा मिनिटांपेक्षा जास्त कुणी थांबायचं नाही. तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांची ती सिस्टर. साडेसहाची बस पकडायची, परतताना मोशीच्या ट्रॅफिकमध्ये डुलकी काढायची, घरी आलं की स्वयंपाक. आई सहा वर्षं डायलिसिसवर होती. ती गेली तेव्हा वर्षाली एकतीस वर्षांची होती. त्यानंतर स्थळं येईनाशी झाली, आणि अण्णांनीही विषय काढला नाही. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती.

बुद्धरत्न मेंटेनन्सला होता. तीन वर्षांपूर्वी पत्र्याने त्याचा तळहात कापला, सहा टाके पडले, आणि ड्रेसिंगला तो तिच्याकडे येऊ लागला. जखम भरली तरी दर मंगळवारी बीपी तपासायला येत राहिला. बीपी एकदाही वाढलेलं निघालं नाही.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," एकदा दंडावरचा पट्टा सोडवत ती म्हणाली. "मग येता कशाला?"

त्याने शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

"कसं वाटतंय, असं तुम्ही विचारता," तो म्हणाला. "दिवसभरात दुसरं कुणी विचारत नाही."

"ते मला सगळ्यांनाच विचारावं लागतं."

"माहीत आहे मला," तो म्हणाला आणि गेला.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वर्षालीने बीपीचं यंत्र उचललं, खोलीला कडी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा मेंटेनन्सच्या शेडपर्यंत चालत गेली. तिला पाहून सगळ्यांना वाटलं, कुणाला तरी मोठं लागलंय.

लग्नाचं तिने घरी सांगितलं तेव्हा अण्णा ओरडले नाहीत. उद्धवराव ओरडणारा माणूसच नव्हता. गेवराईकडून ते भोसरीला आले, रिटायर होईपर्यंत कारखान्यातल्या प्रेस मशीनवर उभे राहिले, थेरगावात दोन खोल्या घेतल्या. ओरडण्यासारखं त्यांच्या आयुष्यात जे झालं, तेही त्यांनी मान खाली घालूनच पार केलं होतं. बुद्धरत्नचं आडनाव ऐकून ते एवढंच म्हणाले, "कळलं." पण नोंदणी कार्यालयात नोटीस लागली आणि कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढून गावाकडे पाठवला. दुसऱ्याच दिवशी त्यांचे धाकटे भाऊ हिंदुराव यांचा फोन आला. अण्णा फोनवर फक्त "हां, हां" करत राहिले. फोन ठेवून खुर्चीत बसले.

"मी आडवा येत नाही," ते म्हणाले. "तू कर. माणूस चांगला असंल. पण मी येणार नाही."

"काका काय म्हणाले?"

"पोरीच्या लग्नात उभा राहिलास तर गावात तोंड दाखवू नको, म्हणतोय."

"तुम्ही गावात जाता तरी किती, अण्णा? वर्षातून दोन दिवस."

"आता जात नाही. पण शेवटी तिकडंच जायचंय मला. तुझ्या आईला तिकडंच नेलं." ते खिडकीकडे बघत बोलत होते. "चार माणसं लागतात, वर्षा."

"इथं मी आहे ना."

"तू एक झालीस," अण्णा म्हणाले.

तिने कुकर लावला. त्या दिवसापासून घरात भांडण नव्हतं आणि बोलणंही बेताचंच होतं. अण्णा ताटातलं सगळं संपवत. ती सकाळी झाकून ठेवून जाई, संध्याकाळी रिकामं ताट मोरीत असे.

लग्नाच्या आधीच्या रविवारी बुद्धरत्नची आई दिघीहून दोन बस बदलून एकटीच आली. चतुराबाई सत्तरीच्या पुढच्या, पांढरं पातळ नेसलेल्या, हातात पेढ्यांचा पुडा. अण्णा उठून उभे राहिले. बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि आत बघून म्हणाले, "वर्षा, चहा त्या फुलाच्या कपांतून दे." ते कप पाहुण्यांचे होते आणि गेली कित्येक वर्षं कपाटातून खाली आले नव्हते.

"मी काय म्हणते दादा," चतुराबाई म्हणाल्या, "लग्नात उभं राहू नका. नुसतं जेवायला या. कुणी इचारलं तर सांगा, हाटेलात जेवायला गेलतो. तितं काय, कोणबी जेवतंय."

अण्णांच्या ओठांच्या कडा हलल्या. हसू आलं होतं, पण त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

"तुमच्या घरात पोरगी सुखात राहील, हे मला कळतंय," ते म्हणाले. "पण मला नाही जमायचं, बाई. वाईट वाटून घेऊ नका."

"न्हाई वाटत," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. "चहा झ्याक झालाय."

वर्षाली त्यांना सोडायला खाली गेली. जिन्यात दम खायला थांबून त्यांनी तिचा दंड धरला.

"बापावर राग धरू नको. सारा जनम ज्या माणसांत काढला त्यांना सोडायचं म्हंजी सोपं न्हाई. माझा दीर माझ्या पोराच्या पहिल्या लग्नात चार म्हैने रुसला होता. आन कशापायी? भाजीत मीठ जास्त झालं म्हणून."

वर्षालीचा राग केव्हाच संपला होता. तिला भीती वाटत होती, आणि कसली ते नीट सांगता आलं नसतं. रोज बसमध्ये ती मनातल्या मनात त्या चार जणांना टेबलाभोवती बसवून बघे. इंदुताई, यजमान, गोजाबाई. चौथ्या जागेपाशी बस दर वेळी कुठल्यातरी सिग्नलला थांबायची.

लग्न शुक्रवारी होतं. गुरुवारी तिने रजा टाकली आणि सकाळीच पिंपरीच्या फूलबाजारातून पिवळी शेवंती, जांभळी ॲस्टर आणि निशिगंधाच्या काड्या घेऊन आली. फुलं बादल्यांत उभी केली, चिंच भिजत घातली. मग स्टुलावर चढून तिने माळ्यावरून गोणपाटात बांधलेलं गाठोडं उतरवलं. आत सहा पितळी तांबे होते, काळे पडलेले. प्रत्येकाच्या गळ्याशी कोरलेलं, 'चि. वर्षालीस, आईकडून', आणि खाली साल. आई दर दिवाळीला एक घ्यायची. सहाव्यानंतर दवाखाना सुरू झाला.

"काय करायलीस?" अण्णांनी दारातून विचारलं.

"फुलं ठेवायला घेते. टेबलांवर."

"ते तुझ्या आईनं तुझ्या लग्नासाठी घेतलेत."

"म्हणून तर काढले, अण्णा."

अण्णा तिथेच उभे राहिले. ती पिशवी घेऊन डांगे चौकात गेली. तिला बारीक तार आणि हिरवा पाला हवा होता. पाला लवकर मिळाला नाही, दोन नर्सऱ्या हिंडाव्या लागल्या. तासाभराने परत आली तर अण्णा मोरीपाशी पाटावर बसले होते, बाह्या वर सारलेल्या, मांडीवर तांब्या. चार तांबे धुऊन उपडे घातलेले होते आणि त्यांच्यावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. पाचव्याच्या अक्षरांत चिंच भरून ते अंगठ्याने घासत होते. एक-एक अक्षर.

"मीठ दे थोडं," ते मान वर न करता म्हणाले. "गळ्यातला काळेपणा निघत नाही."

तिने मीठ दिलं आणि त्यांच्यासमोरच खाली बसली. दुपारभर दोघं काम करत राहिले. ती देठ तिरके कापून द्यायची, ते तांब्यात पाणी ओतायचे. एकदा तिने निशिगंध मधोमध लावला तर त्यांनी तो काढून मागे सरकवला. "माणसं समोरासमोर बसणार. तोंडं दिसली पाहिजेत." तिने पुन्हा लावला. तो खरंच चांगला दिसला. एवढ्या वर्षांत त्यांनी दोघांनी मिळून काही केलं होतं ते आईच्या आजारपणातच. तिला वाटलं, आता येतील. इतकं केल्यावर कोण न येता राहील?

"उद्या एक वाजता आहे, अण्णा."

अण्णांनी सहावा तांब्या भिंतीशी नेऊन ठेवला. ओले हात धोतराला पुसले.

"इंदुताईच्या यजमानांना सांग, रिक्षात तांबे पायांत उभे धरायचे. कलंडले की पाणी सांडंल."

ती बरं म्हणाली. सांडलेल्या पाकळ्या गोळा करायला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

शुक्रवारी सह्या झाल्या. साक्षीदारांत इंदुताई होत्या. त्यांनी पेन घट्ट धरून सावकाश नाव लिहिलं. हॉटेलात सहा टेबलांवर सहा तांबे मांडले होते. एका छोट्या टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि मेणबत्त्या. चतुराबाईंनी वंदना म्हटली, बाकीच्यांनी त्यांच्यामागे म्हटली. वर्षालीला सगळे शब्द येत नव्हते. येत होते तेवढे तिने म्हटले. गोजाबाई कँटीनमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आल्या होत्या आणि हळदीचे डाग असलेल्या बोटांनी तिचा हात धरून बसल्या होत्या.

मॅनेजर जवळ आला. "मॅडम, तुमच्याकडचे तीनच दिसतात. थांबायचं का?"

तिने जिन्याकडे पाहिलं. घड्याळात सव्वा वाजला होता.

"नको. वाढा."

फुलांचं सगळ्यांनी कौतुक केलं. बुद्धरत्नच्या मावशीने कुठल्या डेकोरेटरकडून आणली विचारलं. "घरी केली," वर्षाली म्हणाली. घास भरवायचा आग्रह झाला तेव्हा बुद्धरत्न गुलाबजाम पुढे करून म्हणाला, "घ्या, सिस्टर." सगळी खोली हसली. तीही हसली. हसता हसता तिला एकदम फार एकटं वाटलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तिने अख्खा गुलाबजाम तोंडात घातला.

जेवणं आटोपल्यावर तिने मॅनेजरला एक ताट बांधून द्यायला सांगितलं. बुद्धरत्नने डबा बघितला आणि काही विचारलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाला, "आधी थेरगावला घ्या."

दार अण्णांनी उघडलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वरचं बटणसुद्धा लावलेलं होतं. दोघं पाया पडायला वाकले. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बुद्धरत्न वाकला तेव्हा हात क्षणभर हवेत राहिला, मग त्याच्या खांद्यावर आला. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले. "बसा."

वर्षाली डबा घेऊन आत जाऊ लागली.

"दे इकडं," अण्णा म्हणाले. "तू बस. वाढून घेतो मी."

ते आत गेले. दोघं बाहेर बसून राहिले. ताट ठेवल्याचा आवाज आला, मग खाली बसल्याचा. अण्णा भुकेले असावेत. सकाळचं त्यांनी काही खाल्लेलं दिसत नव्हतं. बराच वेळ ते जेवत होते. खालून भाजीवाल्याची हाक आली आणि पुढे गेली.

मग नळ सुरू झाला. अण्णा ताट घासत होते. वर्षाली अर्धवट उठली. उठली आणि पुन्हा बसली.

"वर्षा," आतून आवाज आला. "पुसायचं फडकं कुठं असतं गं?"

"खिडकीच्या गजाला, अण्णा."

"निळं का?"

"निळं हातांना. भांड्यांना पांढरं."

नळ बंद झाला.

"सापडलं," अण्णा म्हणाले.